गाणं फुकट द्या, पण सनदीसकट

हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ. पाच तालुक्यांचा आमचा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. इथं पुण्या-मुंबईसारखा गाण्यांचा बाजार नाही. पण इथल्या पोरांनी आता त्या बाजाराची वाट पाहणं सोडलंय. सेनगावात कुणी ओळी लिहितो, वसमतचा कुणी मोबाइलवर गातो, नांदेडचा दोस्त ढोलकी भरतो आणि पुण्यात नोकरीला गेलेला चौथा कीबोर्ड वाजवून सगळं एकत्र करतो. चौघं एकदाही एका खोलीत बसत नाहीत. गाणं तयार झालं, मग ते नात असो, भीमगीत असो की शेतकऱ्याचं गाऱ्हाणं असो, की ते इंटरनेटवर टाकलं जातं. ऐकायला पैसे नाहीत, वापरायला बंदी नाही.

यात तंत्र फार अवघड नाही. आधी पट्टी ठरते, समजा काळी दोन. मग लय ठरते, समजा मिनिटाला ९० ठोके. त्या लयीची टिकटिक सगळ्यांना पाठवली जाते आणि ती इयरफोनमध्ये ऐकत प्रत्येक जण आपला भाग वेगळा भरतो. व्हॉट्सअ‍ॅपवर तो आवाजी निरोपासारखा पाठवला तर आवाज दबतो, म्हणून ‘डॉक्युमेंट’ करून पाठवतात. बँडलॅबसारखं मोफत अ‍ॅप असेल तर सगळे भाग एकाच ठिकाणी एकावर एक ठेवता येतात. २००८ साली ‘प्लेइंग फॉर चेंज’ या उपक्रमाने देशोदेशींच्या रस्त्यावरच्या वादकांना असंच एका गाण्यात जोडलं, तेव्हा लोकांना नवल वाटलं होतं. २०२०च्या टाळेबंदीत ही रीत घरोघरी पोचली.

अडचण गाणं पूर्ण झाल्यावर सुरू होते. मेहनत चौघांची, चॅनल एकाचं. अपलोड करणाऱ्याचं नाव मोठ्या अक्षरात येतं आणि ढोलकीवाला ‘अँड टीम’मध्ये जातो. मग कुणी तिसराच ते उचलतो आणि आपला शिक्का मारून पुढे ढकलतो. यूट्यूबची ‘कंटेंट आयडी’ ही यंत्रणा आवाज जुळवून पाहते. ज्याने ध्वनिमुद्रण आपल्या नावावर नोंदवलं, त्याचा दावा ती पुढे करते. खरं कुणी वाजवलं हे तिला कळत नाही. त्यामुळे मूळ वादकाच्याच व्हिडिओवर दुसऱ्याचा दावा येऊन बसू शकतो.

माझ्या ओळखीतल्या एका बेंजोवादकाने दोस्तांना मोफत दिलेला तुकडा त्याला नंतर एका लग्नाच्या व्हिडिओत ऐकू आला आणि पुढे निवडणुकीच्या एका प्रचारगीतातही. पैशाचं त्याला काही वाटलं नाही. ‘मैं बजाया करके तो बोलना था,’ एवढंच तो म्हणाला. मला त्याचं म्हणणं पटतं. त्याने सूर दान केला होता, आपली ओळख दान केली नव्हती.

मुसलमान वाचकाला हा फरक समजवायला लांब जायला नको. हदीस कुणाच्या मालकीची नाही. ती सांगायला परवानगी लागत नाही, तिचे पैसे कुणी मागत नाही. पण ती सांगताना सनद लागते. अमुकाने तमुकाकडून ऐकलं, त्याने त्याच्या उस्तादाकडून ऐकलं, अशी नावांची साखळी मजकुराच्या आधी येते. मधली एक कडी गळाली तर मुहद्दिस त्या रिवायतीचा दर्जा कमी धरतात. शेकडो वर्षं फुकट फिरलेलं हे ज्ञान नावांच्या या शिस्तीवर टिकलं. गवयांमध्येही असा अदब आहे. उस्तादाचं नाव घेताना हात आपोआप कानाच्या पाळीला जातो.

संगीत जायज की नाजायज, हा उलेमांमधला जुना वाद आहे आणि तो मी इथं सोडवायला बसलेलो नाही. ज्यांना वाद्यं मान्य नाहीत तेही नात-हम्द ऐकतात, आणि तिथंही लिहिणाऱ्याचं नाव गळालेलं असतं. म्हणजे हा प्रश्न त्यांचाही आहे.

आता आमच्याच जिल्ह्यातलं उदाहरण घ्या. संत नामदेवांचं नाव ज्या गावाशी जोडलेलं आहे, ते नर्सी हिंगोली जिल्ह्यात आहे. नामदेवांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, रागांखाली आणि नामदेवांच्या नावानिशी. गुरू नानकांबरोबर रबाब वाजवणारे भाई मर्दाना मुसलमान होते. त्यांची परंपरा सांगणारे मुस्लिम रबाबी १९४७च्या फाळणीपर्यंत अमृतसरच्या हरमंदिर साहिबात कीर्तन करत. मराठी संताचा शब्द, पंजाबातलं गायन आणि मुसलमान वादकाची तार. वेगवेगळ्या मुलखांतल्या, वेगवेगळ्या शतकांतल्या लोकांनी मिळून हे संगीत घडवलं. २०१५ साली घुमानला मराठी साहित्य संमेलन भरू शकलं, कारण त्या शब्दाबरोबर नामदेवांचं नावही पंजाबात पोचलं होतं.

पण नुसतं नावही पुरत नाही. ‘नामा’ ही मुद्रा विष्णुदास नामा यांच्यासारख्या नंतरच्या कवींनीही वापरली. त्यामुळे कोणता अभंग कोणाचा, यावर अभ्यासकांना आजही डोकं खाजवावं लागतं. म्हणून कोण, कुठला आणि कधीचा, एवढं तरी नोंदलं पाहिजे. आणि ज्यांनी त्या अभंगांना चाली लावल्या, टाळ-मृदंग धरला, त्यांना तर मुद्राही नव्हती. वादकाची ओळख हरवण्याचा रोग इंटरनेटने आणलेला नाही, तो जुनाच आहे.

बायांच्या वाट्याला तो सगळ्यात जास्त आला. विजापूरच्या सूफींच्या परंपरेत दखनी भाषेतले ‘चक्कीनामे’ होते. जात्यावर दळताना बाया ते गात. रिचर्ड ईटन यांच्या विजापूरच्या सूफींवरील १९७८च्या ग्रंथात त्यांची चर्चा आहे. ते रचणाऱ्या म्हणून सूफींची नावं सांगितली जातात, गाणाऱ्या बायांची नाहीत. मराठी ओव्यांचंही तेच झालं असतं. पण पुण्यात हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांनी अनेक वर्षं खपून महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांमधून एक लाखावर ओव्या जमवल्या आणि ओवीबरोबर गाणारणीचं नाव, गाव लिहून ठेवलं. पुढे बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रणाची आणि संगणकीय नोंदीची बाजू सांभाळली. आज हा खजिना ‘पारी’च्या संकेतस्थळावर कुणालाही मोफत ऐकता येतो. ओवी सगळ्यांची झाली आणि ती गाणारी बाईही नावानिशी शिल्लक राहिली.

आता कायद्याचं पाहू. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तेव्हा जावेद अख्तर यांनी राज्यसभेत गीतकार-संगीतकारांची बाजू मांडली होती. त्याच दुरुस्तीने आलेल्या कलम ३८बीनुसार गायक-वादकाला आपलं नाव लागण्याचा हक्क आहे, आणि बाकीचे हक्क दुसऱ्याला दिले तरी हा हक्क संपत नाही. म्हणजे ढोलकीवाल्याचं नाव टाकणं ही कुणाची मेहेरबानी नाही.

फुकट देण्याचेही लेखी नमुने तयार आहेत. ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’चे परवाने २००२पासून वापरात आहेत. एक परवाना म्हणतो, नाव द्या आणि हवं ते करा. दुसरा म्हणतो, नाव द्या, पण धंद्याला वापरू नका. तिसरा म्हणतो, तुम्ही यातून नवं काही केलंत तर तेही असंच खुलं ठेवा. २००४ साली सुरू झालेल्या ‘सीसीमिक्स्टर’वर तर गाण्याच्या पानावरच दिसतं की यात कुणाचा तुकडा घेतलाय आणि याचा तुकडा पुढे कुणी वापरलाय. मला ती सनदच वाटते.

कुणी विचारेल, पोट कसं भरायचं? प्रश्न रास्त आहे. बँडवाल्याच्या, बेंजोवाल्याच्या घरची चूल लग्नसराईच्या सुपारीवर पेटते. म्हणूनच नाव महत्त्वाचं. मोफत गाणं दहा गावांत वाजलं आणि त्यावर नाव असलं, तर अकराव्या गावची सुपारी येण्याची शक्यता असते. नाव नसेल तर गाणं फिरत राहतं आणि वादक घरी बसून राहतो. कंपनीला किंवा पक्षाला गाणं हवं असेल, तर त्यांनी खुशाल पैसे मोजावेत. धंद्याला मनाई करणारा परवाना त्यासाठीच आहे.

तेव्हा पोरांनो, पुढचं गाणं सुरू करण्याआधी व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात चार गोष्टी लिहून घ्या. शब्द कुणाचे, चाल कुणाची किंवा कोणत्या भागातली, कोणतं वाद्य कुणी वाजवलं, आणि हे गाणं कुणी कशासाठी वापरू शकतं. प्रत्येकाचा होकार त्याच गटात घ्या. गाणं टाकताना हा मजकूर जसाच्या तसा खाली चिकटवा. पुढे पाठवणाऱ्यांनी तो कापू नये. चाल आजीकडून आली असेल तर आजीचं नाव, गाव आणि साल लिहा. या कामाला दहा मिनिटंही लागत नाहीत.