भाकरी सोडली की कणा सुटतो का?

पहाटे तीनच्या सुमारास कंबर उठवते. कूस बदलायला पलंगाची कड धरावी लागते. अर्धा तास घरात येरझाऱ्या घातल्या की तीच कंबर मोकळी होते. पडून राहिल्याने वाढणारं आणि हालचालीने हटणारं हे दुखणं म्हणजे अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, रुग्णांच्या बोलण्यातलं ‘ए.एस.’. ऐन विशी-पंचविशीत ते गाठतं, कंबरेच्या तळाच्या सांध्यांपासून सुरू होतं आणि वेळीच आवरलं नाही तर मणक्यामणक्यांत नवं हाड धरून पाठीचा कणा एकसंध करून टाकतं. ‘मणक्यात गॅप आहे’, ‘उसण भरली असेल’, ‘गादी बदला’ असं ऐकत निदानापर्यंत पोचायलाच अनेकांची पाच-सात वर्षं जातात. अशा माणसाला कुणी छातीठोकपणे सांगितलं की भाकरी, भात, बटाटा बंद कर, गोळ्यासुद्धा सुटतील, तर तो ऐकणारच. त्याला हसण्यात अर्थ नाही. पण त्या सांगण्याची झाडाझडती घ्यायला हवी. त्यात खरं थोडं आहे, आणि त्या थोड्याच्या आधाराने बरंच खोटं खपवलं जातं.

आधी हे पथ्य सांगणाऱ्यांची बाजू नीट मांडू. हा काही कुणा भोंदूच्या डोक्यातून निघालेला विचार नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजातले इम्युनॉलॉजीचे प्राध्यापक अ‍ॅलन एब्रिंगर यांनी तो मांडला. १९७३ साली एचएलए बी-२७ या जनुकीय खुणेचा या आजाराशी असलेला संबंध उघड झाला होता. युरोपीय रुग्णांपैकी दहातल्या नऊ जणांत ती सापडते. एब्रिंगर यांचं म्हणणं असं की आतड्यातल्या क्लेब्सिएला नावाच्या जंतूच्या काही प्रथिनांची ठेवण बी-२७ शी जुळते. चेहरा जुळतो म्हणून पोलिसांनी चोराच्या भावालाही बडवावं, तसं जंतूंवर सोडलेल्या प्रतिपिंडांचं होतं आणि मार आपल्याच सांध्यांना बसतो. हे जंतू न पचलेल्या स्टार्चवर, म्हणजे भाकरी-भात-बटाट्यातल्या पिष्टावर, पोसले जातात, म्हणून स्टार्च कमी केला की जंतू कमी, प्रतिपिंडं कमी आणि दाहही कमी. १९९६ साली त्यांनी हा आहार निरोगी माणसांवर आणि रुग्णांवर करून पाहिला आणि निष्कर्ष छापले. रक्तातलं आयजीए हे प्रतिपिंड घटलं, रुग्णांचा त्रासही घटला.

साखळी सुबक आहे. तिची पहिली कडी तर चांगलीच मजबूत आहे. बी-२७ चं जनुक घातलेल्या उंदरांना आतड्याचा आणि सांध्यांचा दाह होतो, पण तेच उंदीर संपूर्ण जंतुविरहित वातावरणात वाढवले तर होत नाही, हे १९९४ मध्येच दिसलं. बेल्जियममधल्या गेंटच्या डॉक्टरांनी या कुळातल्या आजारांच्या रुग्णांची आतडी दुर्बिणीने तपासली, तेव्हा पोटाची तक्रार नसलेल्यांपैकीही कितीतरी जणांत सूक्ष्म दाह आढळला. तेव्हा पोट आणि पाठ यांचं नातं कुणी नाकारू नये. वाद आहे तो पुढच्या कड्यांबद्दल.

पहिला आक्षेप एब्रिंगर यांच्याच लेखातून घेतो. त्या १९९६ च्या लेखाचा शेवट असा आहे की या आहाराच्या उपयोगाची अजून तपासणी व्हायला हवी. मूळ संशोधकाने जिथे स्वल्पविराम दिला तिथे अनुयायांनी पूर्णविराम ठोकला. त्या अभ्यासात चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट पाडलेले नव्हते. या आजारात ते फार महत्त्वाचं असतं, कारण तो आपणहून भरती-ओहोटी दाखवतो. २००६ मध्ये छापलेल्या अडालिमुमॅब या बायोलॉजिक इंजेक्शनाच्या चाचणीत खऱ्या इंजेक्शनने बारा आठवड्यांत ५८ टक्के रुग्णांना ठरवलेल्या पातळीपर्यंत बरं वाटलं. औषध नसलेलं इंजेक्शन टोचलेल्यांपैकीही २१ टक्क्यांना वाटलं. म्हणजे पाचातल्या एकाला काहीच न देता फरक पडतो. ‘मला फरक पडला’ हे त्या माणसापुरतं खरं असेल, पण त्यावरून श्रेय भाकरी सोडण्याला देता येत नाही. शिवाय स्टार्च सोडणारा माणूस वडापाव, फरसाण, बिस्किटं, मैद्याचे पदार्थही सोडतो, भाज्या वाढवतो, वजन उतरवतो. यातल्या कशाने कंबर सुटली, हे कसं ठरवणार?

दुसरा आक्षेप जंतूबद्दल. पुढे जनुकीय पद्धतींनी आतड्यातल्या जंतूंची मोजदाद झाली तेव्हा गडबड दिसली खरी, पण ती जंतूंच्या अनेक कुळांत. एकट्या क्लेब्सिएलावर बोट ठेवता येईना. आणि मोठ्या आतड्यापर्यंत न पचता पोचणारा स्टार्च फक्त उपद्रवी जंतूच खातात असंही नाही. त्यातूनच उपकारक जंतू ब्युटिरेट तयार करतात, आणि आतड्याच्या अस्तराचं पोषण त्यावर होतं.

तिसरा घोटाळा आपल्याकडचा. ए.एस., आमवात, गाऊट, म्हातारपणी झिजलेले गुडघे, सगळ्यांना आपण संधिवात म्हणतो आणि एकाचा उपाय दुसऱ्याला सांगून मोकळे होतो. बटाटा, वाल, पावटा वातूळ म्हणून घरात आधीच बदनाम. त्यात लंडनचा दाखला मिळाला की आजीला आणि नातवाला एकच पथ्य. आमवातावरची गाजलेली आहारचाचणी १९९१ मध्ये नॉर्वेतून आली. तिथे काही दिवसांच्या उपासानंतर रुग्णांना शाकाहार दिला होता, सुरुवातीचे काही महिने ग्लूटेनशिवाय आणि दुधाशिवाय, आणि वर्षभर त्यांना बरं वाटलं. तो आहार शाकाहारी होता, स्टार्चमुक्त नव्हता. एका रोगाचा पुरावा दुसऱ्याच्या खात्यावर जमा करू नये.

चौथा आक्षेप सगळ्यात गंभीर. दुखणं कमी होणं आणि मणके जुळणं थांबणं या वेगळ्या गोष्टी आहेत. कंबर दुखेनाशी झाली म्हणून आत काही चाललेलं नाही असं समजता येत नाही. नियमित दाहशामक गोळ्या, रोजचा व्यायाम, गरज पडल्यास बायोलॉजिक इंजेक्शनं यांनी दाह वर्षानुवर्षं दाबून ठेवला तर हाड धरण्याचा वेग कमी होतो असं दिसतं. आहाराने तसं होतं याचा पुरावा नाही. इंजेक्शनांची भीती निराधार नाही. ती महाग आहेत, सुप्त क्षय उफाळू शकतो, म्हणून आधी क्षयाची तपासणी करावी लागते. पण भीतीचं उत्तर तपासणी हे आहे. औषध गुपचूप बंद करणं हे उत्तर नव्हे. डोळा अचानक लाल होऊन दुखू लागला, उजेड सहन होईना, तर तो याच आजाराचा डोळ्यातला दाह असू शकतो. त्या दिवशी ताटात काय होतं याला महत्त्व नसतं, नेत्रतज्ज्ञाकडे किती लवकर पोचलो याला असतं.

आता स्वयंपाकघरात येऊ. स्टार्च ओळखायला काटेकोर पथ्यवाले आयोडीन वापरतात. शाळेत बटाट्यावर करून पाहिलेला प्रयोग तोच. ज्वारीच्या भाकरीवर थेंब टाका, निळा-काळा डाग उठतो. कच्च्या केळ्याच्या चकतीवर उठतो, साल ठिपकेदार झालेल्या पिकल्या केळ्यावर जवळपास नाही, कारण तिथल्या स्टार्चची साखर झालेली असते. डबीतल्या हिंगाच्या पुडीवरही उठतो, कारण तिच्यात पीठ मिसळलेलं असतं. इथवर गंमत आहे. पण हा थेंब घेऊन मराठी घरात फिरलं की काय उरतं? ज्वारी, बाजरी, तांदूळ, गहू गेले. डाळी आणि कडधान्यं गेली, म्हणजे वरण, उसळ आणि पिठलंही गेलं. ‘उपासाने बरं वाटतं’ म्हणणाऱ्यांनी साबुदाणा, भगर आणि रताळं यांवर थेंब टाकून पाहावा. आपल्याकडचा उपास हे बऱ्याचदा स्टार्चचंच जेवण असतं. मासे-अंडी खाणारा कोकणातला माणूस हे पथ्य कसंबसं निभावेल. रेशनवर माणशी महिना पाच किलो धान्य घेऊन जगणाऱ्या शाकाहारी कुटुंबाने काय खायचं? आणि या आजारात हाडं एकीकडे जुळतात, दुसरीकडे आतून ठिसूळ होतात. अशा माणसाच्या ताटातून शंभर ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम देणारी नाचणी काढून घ्यायची, तर त्या जागी काय येणार हे आधी सांगावं लागेल. एब्रिंगर यांनी पाव, बटाटा, केक आणि पास्ता कमी करायला सांगितलं होतं. ‘कमी’चं ‘शून्य’ नंतरच्या उत्साही मंडळींनी केलं, आणि ते शून्य सांभाळायला घरातल्या बाईने दोन वेळा दोन स्वयंपाक करायचे, याचा हिशेब कुणी मांडत नाही.

एवढं खंडन केल्यावर काही डॉक्टर खूश होतील. त्यांनीही थांबावं. ‘खाण्याचा काही संबंध नाही, काहीही खा’ हे वाक्यही तपासलेलं नाही. जे सिद्ध झालेलं नाही ते खोटंच ठरलं, असं होत नाही. आतड्याचा दुवा समोर असताना रुग्णाचा प्रश्न दोन मिनिटांत उडवून लावला की तो मोबाइलवरच्या व्हिडिओकडे जातो, आणि तिथे त्याला औषध सोडायला सांगणारा भेटतो. रुग्णाला त्या दाराशी नेऊन सोडण्यात अशा डॉक्टरचाही वाटा असतो.

मग करायचं काय? माझ्या मते स्टार्च कमी करून पाहण्याचा हक्क रुग्णाला आहे, पण तो प्रयोग म्हणून, आणि औषधं चालू ठेवून. सुरू करण्याआधी दोन आठवडे वही ठेवावी: सकाळचा ताठरपणा किती मिनिटं टिकला, पहाटे जाग आली का, वजन किती. डॉक्टरांकडे बास्डाई नावाची सहा प्रश्नांची मोजपट्टी असते, शून्य ते दहा गुणांची. चार किंवा वर गुण म्हणजे आजार सक्रिय. तो आकडा आणि रक्ततपासणीतला दाह दाखवणारा सीआरपी लिहून ठेवावा. मग मैदा, पाव, बिस्किटं, साबुदाणा आणि बटाटा बंद, भात-भाकरी निम्मी, त्या जागी भाज्या, ताक, पनीर, दाणे, चालत असतील तर अंडी-मासे. डाळ सोडू नये. दहा-बारा आठवड्यांनी पुन्हा मोजावं. बरं वाटलं असेल तर खरी परीक्षा पुढे आहे: नेहमीचं जेवण दोन आठवडे परत आणावं. आकडा चढला तर पथ्याला अर्थ आहे, नाही चढला तर भाकरीची निर्दोष सुटका करावी. वाढत्या वयाची मुलं, गरोदर स्त्रिया, मुळातच हडकुळी माणसं यांनी या वाटेला जाऊ नये. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांना न विचारता भाकरी घटवली तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. तंबाखू-सिगारेट मात्र कोणत्याही प्रयोगाविना सोडावी. धूम्रपान करणाऱ्यांत मणके लवकर जुळतात, हे दिसलेलं आहे.

पथ्याचे समर्थक म्हणतात की भाकरी सोडण्यात कुठल्याच कंपनीचा नफा नाही, म्हणून चाचणी होत नाही. यात तथ्य आहे. पण तपासणी न होणं हा पथ्याच्या बाजूचा पुरावा होत नाही. ते तपासणी मागण्याचं कारण ठरतं. आणि अशी चाचणी आपल्याला अशक्य नाही. १९९६ मध्येच डॉ. अरविंद चोप्रा यांनी पुणे जिल्ह्यात भिगवण भागात घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. ज्या राज्यात हे झालं, तिथल्या एखाद्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाने ए.एस.च्या रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करावेत. औषधं दोघांनाही तीच, एका गटाला नेहमीचं ताट, दुसऱ्याला कमी स्टार्चचं, पण ज्वारी-नाचणीच्या मुलखात शिजणारं आणि रेशनवर जगणाऱ्याला परवडणारं. सहा महिने पाहावं. निकाल पथ्याच्या बाजूने लागला तर मी ते आनंदाने छापीन. तोपर्यंत पथ्य हा औषधाच्या जोडीचा प्रयोग आहे, औषधाची बदली नव्हे, आणि रुग्णाला तसं स्पष्ट सांगणं हे पथ्य सांगणाऱ्यांचं आणि औषध देणाऱ्यांचं सारखंच काम आहे.