मुलांनी काढावयाचा नकाशा

सिल्वासाच्या शाळांतील मुलांनी दादरा-नगर हवेलीचा सचित्र इतिहास-नकाशा स्वतःच्या हातांनी काढावा, असे आम्ही आग्रहाने सुचवितो. दिवाळीत मातीचा किल्ला रचणाऱ्या मुलाला बुरूज कोठे असावा हे शिकवावे लागत नाही. मग आपल्या पायाखालच्या भूमीचाच नकाशा छापील का असावा?

दमणगंगेची निळी रेघ ओढली की दमण व हवेली यांच्यामध्ये पसरलेला मुलूख मुलांच्या ध्यानी येईल. हाच मुलूख ओलांडण्यास भारताने १९५४ साली मज्जाव केला आणि पोर्तुगीजांची कुमक खुंटली. २२ जुलैला दादरा, २८ जुलैला नरोली, २ ऑगस्टला सिल्वासा मुक्त झाले. सुधीर फडके यांच्यासारखा संगीतकार त्या लढ्यात उतरला होता, हे चित्र कोणते मूल काढणार नाही?

खरी कसोटी १७८३ च्या चित्राची. 'मराठ्यांनी हा मुलूख पोर्तुगीजांना देऊन टाकला' असे सर्रास सांगितले जाते. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १२ एप्रिल १९६० रोजी मराठ्यांच्या मूळ कागदांवरून निराळाच निर्वाळा दिला : दिला तो जहागीर किंवा सरंजाम, म्हणजे महसुलाचा हक्क, सार्वभौमत्व नव्हे. तेव्हा त्या जागी मुलांनी पोर्तुगीज निशाण न काढता महसुलाची थैली काढावी. मात्र पुढे इंग्रजी अमदानीत पोर्तुगालचे सार्वभौमत्व प्रत्यक्षात मान्य होत गेले, असेही तोच निकाल म्हणतो. हे आपल्या गैरसोयीचे वाक्यही मुलांपासून दडवू नये.

आणि वारली, धोडिया, कोकणा कोठे आहेत? लग्नाचा चौक तांदळाच्या पिठाने लिहिणाऱ्या वारली स्त्रियांची नातवंडे आज याच शाळांत बसतात. त्यांच्या हाती कुंचला द्यावा. पाड्यांची नावे घरी उच्चारतात तशीच लिहू द्यावीत. ज्या नकाशात केवळ बाहेरून आलेले वीर दिसतात, तो आम्हांस अपुरा वाटतो.

११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश भारतात विलीन झाला. २६ जानेवारी २०२० पासून तो दमण-दीवशी जोडला गेला. यापुढे सीमेस कोणता रंग द्यावा, याविषयी आमचा आग्रह वाचकांस ठाऊकच आहे. तो रंग मुलांच्या वाटीत कालविण्याचा अधिकार मात्र आम्हांस नाही. त्यांना कागदपत्रे दाखवावीत, वृद्धांकडे पाठवावे आणि रेघ त्यांनाच ओढू द्यावी.

येत्या मुक्तिदिनी, २ ऑगस्टला, पहिले नकाशे शाळांच्या भिंतींवर लागावेत. कागद व रंगांचा खर्च गावच्या व्यापाऱ्यांनी उचलावा. तो फार नाही.