घोडेबाजार

इंग्रजीतला 'हॉर्स' आमच्या धरणगावच्या शिवारात शिरला तो विहिरीच्या वाटेने. बँकेत असताना विजेच्या मोटारींसाठी कर्जाचे अर्ज माझ्या टेबलावर येत. 'किती हॉर्सपॉवर?' असे विचारले की 'पाच' असे तयार उत्तर मिळे. जेम्स वॉटने आपल्या वाफेच्या इंजिनाची ताकद गिऱ्हाइकाला पटावी म्हणून घोड्याचे माप काढले. आज ते ७४६ वॉट धरतात. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या मोट ओढली बैलांनी, हिशेबात मात्र घोडा आला!

लष्करात 'हॉर्स' म्हणजे घोडदळ. पण १९७१ च्या युद्धात 'पूना हॉर्स'चे अरुण खेत्रपाल लढले ते रणगाड्यातून. घोडा उरला होता फक्त पलटणीच्या नावात. उलट बुद्धिबळात आपला घोडा असतो, तिथे इंग्रज सरदार बसवतो. बंदुकीच्या चापाला आपण घोडा म्हणतो, तर जुन्या इंग्रजी बंदुकीत त्या जागी कोंबडा असे. शब्दांची ही अदलाबदल मोठी गमतीची आहे आणि तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती 'हॉर्स ट्रेडिंग'बद्दल. वर्तमानपत्रांनी त्याचे 'घोडेबाजार' केले आणि आमदार-खासदारांच्या खरेदी-विक्रीला चिकटवले. आज घरातल्या मुलांना घोडेबाजार म्हटले की विधानभवन आठवते, सारंगखेडा नाही. सुरत-भुसावळ लाइनीवर धरणगावला गाडीत बसावे, दोंडाईच्याला उतरावे आणि तापीकाठी सारंगखेड्याला जावे. दत्तजयंतीच्या यात्रेत तिथे खराखुरा घोडेबाजार भरतो. गिऱ्हाईक दात पाहून वय ठरवते, भोवरे तपासते, चाल बघते. विकणाराही काही संत नसतो. खोड लपवणारे, वय चोरणारे तिथे भेटतातच. पण तो विकतो ते स्वतःचे जनावर, आणि तेही भर उन्हात, चार माणसांदेखत. लोकप्रतिनिधी मात्र जे विकतो ते मत त्याला आपण विश्वासाने दिलेले असते. बँकेच्या भाषेत ती ठेव. ठेवीदाराची रक्कम परस्पर विकणाऱ्याला आम्ही व्यापारी म्हणत नव्हतो.

'घोडेबाजार' म्हटले की लाचेला खेळाचा, चातुर्याचा रंग चढतो. वाचणाराही गालातल्या गालात हसतो. कायद्याची भाषा एवढी रंगेल नाही. १९८५ साली पक्षांतरबंदी आली, २००३ मध्ये ती आणखी कडक झाली. पैसे घेऊन सभागृहात मत देणाऱ्या खासदाराला १९९८ च्या निकालाने खटल्यापासून संरक्षण मिळाले होते. ४ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल फिरवला. त्या निकालात सारा प्रश्न लाचेचाच होता.

तेव्हा संपादकांना एक विनंती. राजकारणाच्या बातमीत 'घोडेबाजार' लिहायला हात गेला, की तो खोडून सरळ 'लाच' लिहावे. मार्गशीर्षात सारंगखेड्याची बातमी येईल, तिच्या मथळ्यासाठी तो शब्द राखून ठेवावा.