प्रकाशाचा हिशेब

खिडकीत ठेवलेले रोप काही दिवसांतच उजेडाच्या दिशेने मान वळवते. कुंडी फिरवून ठेवली, तरी ते पुन्हा उजेडाकडेच झुकते. वनस्पतीच्या जीवनात प्रकाशाचे स्थान काय आहे, हे सांगायला याहून साधा दाखला नाही. परंतु शहरांतील कितीतरी घरांत रोपाने मान वळवावी एवढाही उजेड पोहोचत नाही. चाळीतील मागची खोली, दोन उंच इमारतींच्या मध्ये दडपलेले घर, तळमजल्यावरील अंधारी पडवी, अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसालाही आपल्या हाताने चार काड्या कोथिंबीर पिकवावी असे वाटतेच. एलईडी दिव्यांनी या इच्छेला आता एक वाट दाखविली आहे. ही वाट खरी आहे. मात्र दिवा विकत घेणे आणि दिव्याखाली रोप वाढवणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीला पैसे लागतात, दुसरीला शिक्षण लागते. शिक्षण आधी आणि खरेदी नंतर, हा क्रम उलटला की पैसा आणि उत्साह दोन्ही वाया जातात.

वनस्पती प्रकाश वापरतात हे ज्ञान माणसाला टप्प्याटप्प्याने मिळाले. पाण्यातील हिरवी पाने उजेडात प्राणवायू सोडतात, अंधारात सोडत नाहीत, हे डच वैद्य यान इंगेनहाउझ यांनी १७७९ मध्ये मांडले. पुढे १८८२ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर एंगेलमान यांनी एक सुंदर प्रयोग केला. त्यांनी लोलकातून निघालेल्या सप्तरंगी प्रकाशाचा पट्टा हिरव्या शेवाळाच्या एका तंतूवर पाडला आणि त्या पाण्यात प्राणवायूकडे धावणारे जीवाणू सोडले. जीवाणूंनी तांबड्या आणि निळ्या प्रकाशाच्या जागी गर्दी केली. म्हणजेच पानातील हरितद्रव्य या दोन रंगांत अधिक काम करते, हे जीवाणूंनीच दाखवून दिले.

दिव्याची कथा याहून अलीकडची आहे. डोळ्यांना दिसणारा तांबडा प्रकाश देणारा एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये अमेरिकेत तयार केला. निळ्या प्रकाशासाठी मात्र जवळजवळ तीन दशके वाट पाहावी लागली. इसामु आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा या तिघांनी ते काम पूर्णत्वास नेले आणि त्याबद्दल त्यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. घरोघरी दिसणारा पांढरा एलईडी हा बहुधा मुळात निळाच असतो. त्यावरील पिवळसर लेपामुळे त्याचा उजेड पांढरा दिसतो. भारतात जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेतून ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वितरित झाले आणि एकेकाळी महाग असलेला हा दिवा सामान्य घरात पोहोचला. त्याच सुमारास तो अंतराळातही पोहोचला. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात एलईडीच्या उजेडात वाढविलेली सॅलडची तांबूस पाने अंतराळवीरांनी ऑगस्ट २०१५ मध्ये खाल्ली.

या इतिहासामुळे एक समज बळावला आहे. दिवा आला, आता सूर्याची गरज उरली नाही, असे अनेकांना वाटू लागले आहे. या समजाची परीक्षा करण्यासाठी प्रकाश मोजला पाहिजे. माणसाचा डोळा याबाबतीत फसवा आहे. तो कमी उजेडाशी पटकन जुळवून घेतो. त्यामुळे ट्यूबलाइट लावलेली खोली त्याला लखलखीत वाटते. प्रत्यक्षात अशा खोलीत सुमारे ३०० लक्स एवढाच प्रकाश असतो, तर भर दुपारी मोकळ्या मैदानात तो १ लाख लक्सच्या घरात जातो. खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेली मेथी बारीक, फिकट आणि लांबट होऊन आडवी पडते ती यामुळेच. तिला पाणी कमी पडलेले नसते, खतही कमी पडलेले नसते. ती उपाशी असते, आणि तिचे अन्न प्रकाशापासून बनते.

लक्स हे माप माणसाच्या डोळ्यांसाठी आहे. वनस्पतीसाठी शास्त्रज्ञ मायक्रोमोल हे माप वापरतात. एका चौरस मीटरवर एका सेकंदात उपयोगी प्रकाशाचे किती कण पडतात, ते त्यावरून कळते. पांढऱ्या एलईडीच्या बाबतीत लक्सच्या आकड्याला ७० ने भागले की ढोबळ उत्तर मिळते. ३०० लक्स म्हणजे जेमतेम ४ मायक्रोमोल, तर पालेभाजीला चांगले वाढण्यासाठी सुमारे २०० मायक्रोमोल, म्हणजे १४,००० लक्स प्रकाश दिवसाकाठी बारा-चौदा तास मिळावा लागतो. टोमॅटो, मिरची यांसारख्या फळझाडांची भूक याहूनही मोठी असते. जांभळ्या दिसणाऱ्या तांबड्या-निळ्या दिव्यांना मात्र ७० चा हा भागाकार लागू पडत नाही, कारण लक्समापक ते रंग कमी मोजतो. तसेच हिरवा प्रकाश झाडाला निरुपयोगी असतो, हेही पूर्ण सत्य नाही. तो पानात अधिक खोलवर जातो आणि तेथे उपयोगीही पडतो. म्हणून जांभळ्या उजेडाची भूल पडण्याचे कारण नाही. घरगुती प्रयोगासाठी साधा पांढरा दिवा पुष्कळदा पुरतो, आणि त्याखाली पानांवरील कीड व रोगही लवकर दिसतात.

मोजणीनंतर हिशेब येतो. समजा, चार फूट लांब आणि एक फूट रुंद फळीवर प्रत्येकी २० वॅटच्या दोन एलईडी ट्यूब लावल्या आणि त्या रोज बारा तास चालविल्या. दिवसाला ४८० वॅट-तास, म्हणजे जवळजवळ अर्धे युनिट वीज लागेल. महिन्याला ती १४.४ युनिट होईल. विजेचा दर युनिटला ८ रुपये धरला, तर खर्च सुमारे ११५ रुपये येईल. या फळीवर कोवळ्या रोपांची भाजी किंवा लावणीसाठीची रोपे वाढू शकतील, टोमॅटो मात्र पिकणार नाहीत. महिन्याला ११५ रुपये ही रक्कम एखाद्या घराला क्षुल्लक वाटेल, एखाद्याला जड वाटेल. खर्च योग्य की अयोग्य हे ज्याचे त्याने ठरवावे. पण आकडा माहीत असल्याशिवाय ठरवणे म्हणजे डोळे मिटून चालणे होय.

हाच हिशेब धान्याला लावला, तर एक मोठी गोष्ट लक्षात येते. एक किलो गव्हात सुमारे ४ युनिट विजेएवढी ऊर्जा साठलेली असते. एलईडी विजेच्या साधारण निम्म्या भागाचे प्रकाशात रूपांतर करतो आणि त्या प्रकाशाचा फार थोडा अंश झाड दाण्यात साठवते. शंभर भाग विजेपैकी चार भाग दाण्यात उतरले, असे उदारपणे मानले, तरी एक किलो गव्हाला १०० युनिट वीज, म्हणजे ८०० रुपये लागतील. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असाच हा व्यवहार ठरेल. पालेभाजीचे गणित मात्र वेगळे आहे. पालकाच्या पानात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणी असते, झाडाचा बहुतेक भाग खाल्ला जातो आणि पीक काही आठवड्यांत हाती येते. त्यामुळे दिव्याखाली पालेभाज्या परवडू शकतात, धान्य परवडत नाही. दिव्याखालच्या शेतीने देशाची भूक भागेल असे सांगणाऱ्यांनी हा फरक लपवू नये.

दुर्दैवाने तो लपविला जातो. बंद खोलीत केशर पिकवा आणि लाखो रुपये मिळवा, अशा आशयाच्या जाहिराती आणि दोन दिवसांची महागडी प्रशिक्षणे आज ठिकठिकाणी आढळतात. बंद खोलीत केशराला फुले येतात, हे खरे आहे. पण त्या फुलांसाठी लागणारे अन्न कंदात आधीच साठलेले असते आणि फुलोरा मुख्यतः तापमानावर अवलंबून असतो. फुले काढल्यानंतर पुढील वर्षासाठी नवे कंद पोसायचे, तर पानांना काही महिने भरपूर प्रकाश द्यावा लागतो. खरी परीक्षा तेथे असते. पहिल्या वर्षीची फुले पाहून साठवलेली पुंजी गुंतविणाऱ्याला ही दुसरी बाजू कुणी सांगितली नाही, तर नुकसान त्याचेच होते. मोठ्या भांडवलालाही हा हिशेब चुकलेला नाही. दिव्याखाली पालेभाज्या पिकविणाऱ्या अमेरिकेतील एरोफार्म्स या कंपनीने जून २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याखाली संरक्षण मागितले, तर बाउरी फार्मिंग या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये आपले काम थांबविले. दुरून डोंगर साजरे दिसतात, ते असे.

मग हे तंत्र शिकूच नये काय? असे म्हणणे हा दुसऱ्या टोकाचा अविचार होईल. ऊतिसंवर्धनाच्या प्रयोगशाळांत केळीची लक्षावधी रोपे कृत्रिम प्रकाशातच वाढतात. बी रुजल्यानंतरचे पहिले काही आठवडे दिव्याखाली काढलेली रोपे पुढे उन्हात नेऊन लावता येतात. सतत ढगाळ असलेल्या पावसाळ्यात दिवसाचे दोन-चार तास दिवा लावून नैसर्गिक प्रकाशाची उणीव भरून काढता येते. शिवाय दिव्याचा आणखी एक उपयोग आहे. वनस्पती प्रकाश खातात, तशाच त्या रात्र मोजतात. याला दीप्तिकालिता म्हणतात. अमेरिकेतील गार्नर आणि अलार्ड या संशोधकांनी १९२० मध्ये ती जगापुढे मांडली. शेवंती लांब रात्रीत फुलते. म्हणून मध्यरात्री काही काळ दिवा लावला की तिची फुले लांबणीवर टाकता येतात. पालक याउलट लांब दिवसात लवकर फुलोऱ्यावर येतो आणि त्याची पाने वाया जातात. जास्त तास दिवा म्हणजे जास्त पीक, असे मानून पालकावर अठरा तास उजेड पाडणारा शिकाऊ माणूस म्हणूनच निराश होतो. झाडाला अंधारही द्यावा लागतो, हे त्याला कुणी शिकविलेले नसते.

हे शिक्षण मिळविण्यासाठी शाळेची इमारत लागत नाही. शाळा सुटून वर्षे लोटलेल्या माणसालाही ते घरच्या घरी घेता येते. दोन सारखी ताटे, सारखी माती आणि मोजून घेतलेले सारखे बी पुरते. एक ताट खिडकीत ठेवावे, दुसरे दिव्याखाली. रोपांची उंची, पानांचा रंग आणि दिव्याचे तास यांची वहीत रोज नोंद करावी. दिवा रोपांपासून वीतभर अंतरावर ठेवून पाहावा, मग हातभर अंतरावर. अंतर वाढले की प्रकाश किती झपाट्याने घटतो, ते रोपेच सांगतील. मोबाइलमधील लक्समापक फार अचूक नसतो, पण दोन जागांची तुलना करण्यापुरता तो उपयोगी पडतो. पाणी आणि वीज शेजारी असल्याने तारांचे जोड पाण्यापासून दूर आणि उंचावर असावेत, तसेच प्रखर दिव्याकडे टक लावून पाहू नये. महिन्याच्या शेवटी वहीत तीन आकडे मांडावेत: वीज किती लागली, भाजी किती मिळाली आणि तेवढ्याच भाजीला बाजारात किती पैसे पडले असते. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही शिकवण या तीन आकड्यांत सामावलेली आहे.

खिडकीतील ताट पुढे निघाले, तर दिव्याची गरज नव्हती हे कळेल आणि पैसे वाचतील. दिव्याखालील ताट पुढे निघाले, तर अंधाऱ्या घरातही हिरवे पान उगवू शकते हे सिद्ध होईल. दोन्ही उत्तरे मोलाची आहेत, कारण ती जाहिरातीतून आलेली नसून स्वतःच्या नोंदीतून आलेली असतील. ज्या घराच्या वाट्याला ऊन आले आहे, त्या घराने आधी ऊन वापरावे. ते फुकट आहे आणि भरपूरही आहे. ज्याच्या वाट्याला ते आले नाही, त्याने दिवा जरूर लावावा. मात्र तो लावण्यापूर्वी शेजारी एक वही आणि पेन्सिल ठेवावी.