औषधाचा कण लहान झाला म्हणून त्याचा मालक बदलू नये

२०२५ अखेर देश क्षयमुक्त करण्याची जी मुदत पंतप्रधानांनी मार्च २०१८ मध्ये दिल्लीच्या परिषदेत जाहीर केली होती, ती पाळली गेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२३ या एकाच वर्षात आपल्या देशात सुमारे २८ लाख माणसांना क्षय झाला आणि तीन लाखांहून अधिक माणसे त्याने दगावली. जगातील नव्या क्षयरुग्णांपैकी एक चतुर्थांशाहून अधिक एकट्या भारतातील होते. अशा वेळी अब्जांश तंत्रज्ञानाच्या साहाय्याने क्षयाची औषधे शरीरात पोहोचविण्याचे जे संशोधन चालू आहे, त्याकडे कष्टकरी जनतेच्या चळवळीने कोणत्या दृष्टीने पाहावे, हा केवळ शास्त्रज्ञांपुरता प्रश्न राहत नाही.

प्रथम या संशोधनाचे मोल निःसंकोचपणे मान्य केले पाहिजे. क्षयाचा उपचार सर्वसाधारणपणे सहा महिने चालतो. गोळ्यांनी मळमळते, यकृतावर ताण पडतो, आणि दोन महिन्यांत जरा बरे वाटू लागले की रोजंदारी बुडू नये म्हणून माणूस दवाखान्याची वाट सोडतो. त्यात रिफॅम्पिसिनसारखे मातब्बर औषध जठरातील आम्लात, विशेषतः आयसोनियाझिडच्या सान्निध्यात, काही अंशी नष्ट होते. क्षयजंतू तर शरीराच्या रक्षणासाठी असलेल्या भक्षक पेशींच्या आतच ठाण मांडून बसलेले असतात. मीटरच्या अब्जांशात मोजाव्या लागणाऱ्या बहुवारिकाच्या कणांत हेच औषध कोंडले, तर आम्लापासून त्याचा बचाव होतो आणि ते हळूहळू पाझरत राहते. शिवाय परका पदार्थ म्हणून भक्षक पेशी ज्या कणाला गिळतात, तोच कण जंतूच्या बिळात औषध नेऊन पोहोचवितो. यासाठी वापरले जाणारे एक बहुवारिक शस्त्रक्रियेतील विरघळणाऱ्या टाक्यांच्याच जातीचे आहे.

या दिशेचे महत्त्वाचे काम कोणा बहुराष्ट्रीय कंपनीच्या प्रयोगशाळेत झाले नाही. ते झाले चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण व संशोधन संस्थेत, म्हणजे जनतेच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेत. तेथील जी. के. खुल्लर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत क्षयबाधित उंदरांना दर दहा दिवसांनी एक, अशा अवघ्या पाच मात्रा तोंडावाटे दिल्या, आणि उंदरांच्या अवयवांत क्षयजंतू सापडेनासे झाले. अर्थात उंदीर म्हणजे माणूस नव्हे. मानवी शरीरात हे कण कसे वागतात, कोठे साठतात, उन्हाळ्यात तालुक्याच्या औषधभांडारात टिकतात की नाही, हे सारे तपासावे लागते आणि त्यासाठी पैसा व चिकाटी लागते. दोन दशके उलटली, तरी राष्ट्रीय क्षय कार्यक्रमाच्या औषधपेटीत असा कण आलेला नाही. २००७ मध्ये सरकारने एक हजार कोटी रुपयांचे नॅनो मिशन मंजूर केले. शोधनिबंधांच्या संख्येत भारत अग्रेसर झाला. रुग्णाच्या तळहातावर मात्र काही पडले नाही. ज्या औषधांची पेटंटे केव्हाच संपली आहेत आणि ज्यांचे गिऱ्हाईक गरीब आहे, त्यांच्या सुधारणेत खासगी भांडवलाला रस नसतो, हे यामागील उघड कारण आहे.

आणि ज्या दिवशी त्याला रस वाटू लागेल, त्या दिवशी दुसरे संकट उभे राहील. जुने स्वस्त औषध नव्या कणात घालायचे, त्यावर नवे पेटंट मागायचे आणि वीस वर्षे मक्तेदारी भोगायची, हा औषध कंपन्यांचा परिचित व्यवसाय आहे. आपल्या पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) मध्ये, २००५ च्या दुरुस्तीने, ज्ञात औषधाचे क्षार, स्फटिकरूपे इत्यादींबरोबर ‘कणांचा आकार’ हे शब्दही घातलेले आहेत. परिणामकारकतेत लक्षणीय वाढ सिद्ध झाल्याखेरीज केवळ कण लहान केला म्हणून औषध नवे ठरत नाही. हे संरक्षण कोणी भेट म्हणून दिलेले नाही. डाव्या पक्षांनी त्या वेळी संसदेत आणि संसदेबाहेर जो दबाव आणला, त्यामुळे ते मिळाले. एप्रिल २०१३ मध्ये नोव्हार्टिसच्या कर्करोगावरील औषधाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते उचलून धरले. बेडाक्विलिन या क्षयविरोधी औषधावरील जॉन्सन अँड जॉन्सनची मक्तेदारी लांबविणारा अर्ज मार्च २०२३ मध्ये पेटंट कार्यालयाने फेटाळला. त्याला हरकत घेणाऱ्यांत क्षयातून वाचलेल्या, परंतु विषारी औषधांपायी श्रवणशक्ती गमावलेल्या दोन तरुणी होत्या, एक भारतातील आणि एक दक्षिण आफ्रिकेतील.

ही हरकत घेण्याची वाटच आता अरुंद केली जात आहे. मार्च २०२४ मध्ये केंद्राने पेटंट नियम बदलून पूर्वहरकतीवर शुल्क बसविले आणि ती ऐकून घ्यावी की नाही हे ठरविण्याचा अधिकार नियंत्रकाला दिला. रुग्णांच्या संघटनेने पैसे भरून दारावर ताटकळत उभे राहावे, असा याचा व्यवहारातील अर्थ आहे.

हा धोका काल्पनिक नाही. मेदाच्या सूक्ष्म पुटिकेत बंदिस्त केलेले ॲम्फोटेरिसिन हे याच तत्त्वावरील औषध. २०२१ च्या उन्हाळ्यात काळ्या बुरशीने रुग्ण तडफडत असताना त्याच्या एकेका कुपीसाठी नातेवाईक गावोगाव वणवण फिरले आणि काळाबाजार माजला. मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय आणि दिल्ली विद्यापीठ यांतील संशोधकांनी असे औषध देशातच विकसित केलेले होते. संशोधन सार्वजनिक, उत्पादन मात्र बाजाराच्या हाती, अशी ही वाटणी आहे.

एके काळी ही वाटणी वेगळी होती. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना निघाला, पुढे सोव्हिएत साहाय्याने आयडीपीएलचा ऋषिकेशचा कारखाना उभा राहिला. पेनिसिलिन आणि स्ट्रेप्टोमायसिन देशात बनू लागले. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने आयडीपीएल बंद करण्याचा आणि हिंदुस्तान अँटिबायोटिक्स विकण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर आठ वर्षेही झाली नव्हती, तोच मार्च २०२४ मध्ये क्षयाच्या नेहमीच्या गोळ्यांचाच पुरवठा अडला आणि तीन महिन्यांपुरती औषधे तुम्हीच स्थानिक बाजारातून घ्या, असे केंद्राने राज्यांना कळविले. साध्या गोळीची ही गत, तर सूक्ष्म कणांची गोष्ट काय बोलावी!

क्षय केवळ औषधाने हटत नाही, ही गोष्टही तंत्रज्ञानाच्या भक्तांना सांगितली पाहिजे. झारखंडच्या चार जिल्ह्यांत २०१९ ते २०२२ या काळात क्षयरुग्णांच्या कुटुंबीयांना तांदूळ आणि डाळ देण्यात आली. ज्या कुटुंबांना हे मिळाले त्यांच्यात क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आढळले. उपचार घेणाऱ्या रुग्णाला सरकार पोषणासाठी महिना ५०० रुपये देत असे, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले. कुटुंबाची ताटे त्यात भरत नाहीत.

१९५६ मध्ये मद्रासेत सुरू झालेल्या अभ्यासाने, झोपडीत राहणारा रुग्णही घरी औषध घेऊन सॅनिटोरियममधील रुग्णाइतकाच बरा होतो, हे जगाला दाखवून दिले आणि जगभरच्या क्षयोपचाराची दिशा बदलली. त्या केंद्रातून वाढलेली चेन्नईची राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्था आजही आहे. अब्जांश कणांतील औषधांच्या मानवी चाचण्या सरकारने आपल्या खर्चाने तिच्याकडे सोपवाव्यात, यशस्वी ठरलेल्या कृतीवर कोणाचीही मक्तेदारी राहू देऊ नये, पिंपरीच्या कारखान्याला उत्पादनासाठी भांडवल द्यावे आणि २०२४ चे पेटंट नियम मागे घ्यावेत, अशी आमची मागणी आहे. डाव्या पक्षांच्या खासदारांनी ती संसदेत मांडावी आणि आरोग्य कर्मचारी व औषध प्रतिनिधींच्या संघटनांनी जिल्ह्याजिल्ह्यांतून तिच्यासाठी सह्या गोळा कराव्यात.