हॉलंडचे ट्रफल आणि आपली मुले

आपल्या बेटावरची मुले युरोपात जातात, म्हणून हा विषय आम्ही घेत आहोत.

२००७ साली आम्स्टरडॅममध्ये नशेच्या अळंब्या खाल्ल्यावर एका फ्रेंच मुलीचा मृत्यू झाला. डिसेंबर २००८ पासून हॉलंडने अळंब्यांवर बंदी घातली. जमिनीखालचे त्यांचे कंद, म्हणजे ट्रफल, मात्र बंदीतून सुटले. दोहोंत सायलोसायबिन हेच द्रव्य आहे. म्हणून मार्गदर्शकासह ते घेण्यासाठी लोक तिकडे जातात.

२०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दहा देशांतील २३३ नैराश्यग्रस्त रुग्ण होते. २५ मिलिग्रॅमच्या एका मात्रेने तीन आठवड्यांत पुष्कळांना उतार पडला, पण बारा आठवडे तो थोड्यांनाच टिकला. तेथे आधी तपासणी होती, मनोविकृतीचा पूर्वेतिहास असलेल्यांना वगळले होते, नैराश्याच्या गोळ्या देखरेखीखाली बंद केल्या होत्या आणि सहा ते आठ तास जाणकार माणूस शेजारी होता. दुकानातून ट्रफल आणणाऱ्याला यांतले काय मिळते?

आमच्या मते तयारी घरातूनच सुरू होते. मनाचे दुखणे आपण लाजेने लपवतो, मग मूल परमुलखात एकट्याने उपाय शोधते. त्याला आधी विचारा, ऐका आणि डॉक्टरांकडे न्या. चालू गोळ्या स्वतःच्या मनाने सोडू नकोस, हेही सांगा.