एकच पुडी, सगळे खडे? जाहिरात छापणाऱ्यांनो, जरा थांबा!

एसटी स्टँडच्या भिंतीवर, रिक्षाच्या पाठीवर आणि आता तर आपल्याच गावच्या न्यूज पोर्टलांवर एकच जाहिरात फिरतेय. मुतखडा असो की पित्ताशयाचा खडा, एकच पुडी, ऑपरेशनशिवाय खात्रीशीर इलाज! स्पष्टच बोलतो, ही फसवणूक आहे.

मुतखडा लघवीत धरतो, बहुतेकदा कॅल्शियम ऑक्झलेटचा. पित्ताशयातला खडा यकृतात तयार होणाऱ्या पित्तरसातून धरतो. (आपण 'पित्त झालं' म्हणतो ते पोटातलं ॲसिड, त्याचा इथं संबंध नाही.) भरपूर पाणी प्यायल्यावर बारीक मुतखडा लघवीवाटे पडतोही. पण पित्ताशय लघवीच्या वाटेवर आहेच कुठं?

बरं, पित्ताशयातले खडे तरी सगळ्यांचे सारखे असतात का? तेही नाही. पित्तरसात कोलेस्टेरॉल असतं आणि ते विरघळलेलं ठेवायला पित्तक्षार आणि लेसिथिन असतं. हे प्रमाण बिघडलं की कोलेस्टेरॉलचे स्फटिक धरतात. अमेरिकेतल्या ॲरिझोनातल्या पिमा आदिवासींची पाहणी १९७० साली प्रसिद्ध झाली. त्यांच्यातल्या २५ ते ३४ वयाच्या ७० टक्क्यांहून जास्त बायकांना खडे होते. त्यांच्या पित्तरसातच कोलेस्टेरॉल जास्त! चिलीतल्या मापुचे लोकांचंही तसंच. उलट सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत हे खडे फार कमी. आपल्या देशातसुद्धा उत्तरेकडे कोलेस्टेरॉलचे खडे जास्त, तर दक्षिणेकडे रंगद्रव्याच्या काळ्या खड्यांचं प्रमाण मोठं. म्हणजे आनुवंशिकता, आहार, आजार यांवर पित्तरस ठरतो आणि पित्तरसावर खडा.

आता आपल्या राज्याकडे या. नंदुरबार, मेळघाट, गडचिरोली इथल्या आदिवासी घरांत सिकलसेल आहे. त्यात तांबड्या पेशी लवकर फुटतात, बिलिरुबिन वाढतं आणि त्याचे काळे खडे धरतात, शाळकरी पोरांनासुद्धा. त्या पोराला 'तेलकट खाऊ नको' सांगून ही पुडी द्यायची? डॉक्टर देतात ती अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडची गोळीसुद्धा फक्त कोलेस्टेरॉलच्या लहान खड्यांवर चालते, तीही महिनोन्‌महिने घेतली तर. बंद केली की पुष्कळांना खडे पुन्हा होतात. काळ्या खड्यावर तिचा उपयोग नाही. मग पुडीत असं काय घातलंय?

खडा दिसला की लगेच पित्ताशय काढा म्हणणाऱ्यांचीही बाजू मी घेत नाही. त्रासच नसेल तर बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. पण खडा नळीत अडकला तर कावीळ होते, स्वादुपिंडाला सूज येते, जीवावर बेततं. पुड्या खात दिवस काढले की हेच होतं.

आणि ही जाहिरात बेकायदा आहे बरं का. १९५४ च्या औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या यादीत पित्ताशयाचा खडा, मुतखडा दोन्ही आहेत. पहिल्या गुन्ह्याला ६ महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. विकणाराच नव्हे, जाहिरात प्रसिद्ध करण्यात भाग घेणाराही यात येतो. पोर्टलवाल्या मित्रांनो, वाचताय ना? सरपंचाच्या बातमीत कलमं तोंडपाठ सांगता, मग हे कलम कसं दिसलं नाही?

बोर्ड दिसला तर फोटो काढा, जागा आणि तारीख लिहा, अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. स्टँडवरच्या बोर्डाची माझी तक्रार सोमवारी जातेय.